रिकाम्या नळीचं माप

८ जानेवारी

चि. मोजपट्टीस,

आत्याचे आशीर्वाद. फोन करणार होते. पण माझे कान आता मंद झालेत, फोनवर तर मला तुझा आवाज कमी आणि खरखर जास्त ऐकू येते, मग मी भलत्याच प्रश्नाला "हो हो" म्हणून मोकळी होते. त्यापेक्षा कागद बरा. तो माझ्या धंद्यातला आहे.

वर्तमानपत्रातला तुझा फोटो आमच्या कारखान्यात कागद कापणाऱ्या कटिंगवाल्याने आणून दाखवला. म्हणाला, "बाई, ही तुमची भाची ना? मग हसत का नाही?" मी म्हटलं, "ती लहानपणी फोटो काढणाऱ्याला विचारायची, किती सेकंद हसायचं ते." सगळा बाइंडिंगचा कारखाना हसला. शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली बसून कागद मोजणारी पोरगी ती हीच, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा कोणी ऐकत नव्हतं.

गेल्या आठवड्यात एका लेखकाच्या दोनशे प्रती बांधायला आल्या. आत बारा चुका राहिल्या होत्या, म्हणून त्याने शुद्धिपत्र छापून आणलं. मला बाजूला घेऊन म्हणतो, "बाई, हे शेवटच्या पानामागे चिकटवा, म्हणजे फारसं कुणाला दिसणार नाही." मी म्हटलं, "आमच्याकडे शुद्धिपत्र पुढे लागतं, पहिल्या पानाआधी. मागे लावायचं तर छापलंत कशाला?" गेला तोंड पाडून. प्रती मात्र माझ्याच पद्धतीने बांधून घेऊन गेला.

आता कामाचं. त्या फोटोवर मथळा होता, "झोपलेल्या ग्रंथीला जाग?" मी चार वेळा वाचला. तुला ठाऊकच आहे की मी बारा वर्षं गोळ्यांवर आहे, सकाळी आठला एक, दुपारी दोनला एक. तू आणि तुझे वडील सोडून हे कुणालाच माहीत नाही. कारखान्यात मी पित्ताच्या म्हणून सांगितलंय. कालच शंभराची नवी डबी आणली, आज उघडली. डॉक्टर एकदा म्हणाले होते की बाहेरून गोळ्या मिळतात म्हणून मेंदू त्या ग्रंथीला निरोपच धाडत नाही. मग माझ्या ग्रंथीला निरोप गेला, तर ती घेईल का? सोप्या भाषेत सांग. मी सातवी शिकलेली आहे, पण मठ्ठ नाही.

तुझी,
आत्या


१७ जानेवारी

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. सोप्या भाषेत सांगते.

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. तिथल्या पेशी जे हार्मोन बनवतात तेच तुझ्या गोळीत असतं. पण त्या ते आपणहून बनवत नाहीत. मेंदूच्या तळाशी एक लहानशी ग्रंथी आहे, ती रक्तात निरोप सोडते. तो निरोप म्हणजेसुद्धा एक हार्मोनच. रक्त सगळीकडे जातं, त्यामुळे निरोप गुडघ्यातूनही जातो आणि कानातूनही. पण तो धरून ठेवतात मुख्यतः या टोप्यांमधल्या पेशी, कारण त्यांच्या पृष्ठभागावर बरोबर त्या निरोपाच्या मापाच्या खाचा असतात. निरोप खाचेत बसला की पेशी जागी होते, रक्तातून कच्चा माल ओढून घेते आणि कामाला लागते. काही वेळाने निरोप खाचेसकट आत घेतला जातो.

आम्ही या निरोपाला एक खूण लावतो. यंत्राला दिसेल इतकी किरणोत्सर्गी, माणसाला बाधणार नाही इतकी थोडी. नळीत पेशी घ्यायच्या, त्यावर खूण लावलेलं हार्मोन घालायचं, तासभर ठेवायचं, धुवायचं आणि नळी यंत्रात ठेवायची. धुतल्यावर जितकी खूण उरली तितकं पेशींनी धरलं. औषध घालून मुद्दाम आजारी केलेल्या पेशी काहीच धरणार नाहीत असं वाटलं होतं. त्यांनी निरोगी पेशींच्या जवळजवळ निम्मं धरलं. आम्हाला सापडलं ते एवढंच. "जाग" हा शब्द वर्तमानपत्राचा आहे, माझा नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: तुझ्या ग्रंथीत काही पेशी उरल्या असतील, तर तत्त्वतः हो, त्या निरोप धरू शकतील.

फोटो काढणारा म्हणाला होता, नैसर्गिक रहा. मी राहिले.

मोजपट्टी


२ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,

तुझं पत्र मी पाठ केलं आहे. त्या खाचांचं मला फार आवडलं. आमच्याकडेही शिवणीसाठी जुजांच्या, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या, पाठीवर करवतीने खाचा पाडतात, आणि दोरा तिथेच बसतो, दुसरीकडे घातला तर पुस्तक वाकडं होतं.

एक विचारू? रागावू नकोस. नव्या मुली आल्या की मी त्यांना खळ लावायला शिकवते. कागदाने किती खळ प्यायली हे बघायचं असेल तर आधी आणि नंतर वाटीचं वजन करून चालत नाही. थोडी खळ वाटीलाच चिकटते, थोडी ब्रशला. ती वजा केली नाही तर वाटतं, वा, कागद किती पितोय! आणि दुसऱ्या दिवशी पुठ्ठा सुटून हातात.

तुमच्या त्या नळीलाही काही चिकटत असेल ना? नुसत्या नळीला, पेशी न घातलेल्या? ते तू वजा केलंस ना? तू केलंच असशील. मोजपट्टी तू. तरी एक ओळ लिहून पाठव. मला बरं वाटेल.

इकडे थंडी आहे. कटिंगवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलं, त्यामुळे तो सध्या कागद तिरका कापतो आणि वर माझ्याकडे बघून हसतो.

आत्या


१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. काम होतं.

रिकाम्या नळीचं माप घेतलं होतं आणि ते वजा केलेलं आहे. ही नेहमीची पद्धत आहे, तिच्याशिवाय शोधनिबंध स्वीकारला जात नाही.

मार्चमध्ये एका परिषदेत बोलायचं आहे, त्यामुळे पुढचे काही आठवडे लिहायला जमेल असं वाटत नाही. प्रकृतीला जप.

मोजपट्टी


८ मार्च

चि. मोजपट्टीस,

तुला वेळ नाही हे माहीत आहे, म्हणून उत्तर नको. नुसतं वाच.

तुझी ती एक ओळ मिळाली, जीव भांड्यात पडला. इकडे सगळं छान. थोडं दमायला होतं, पण आता वयही झालं. परवा बाकावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, नवी मुलगी धावली, तिला म्हटलं चष्मा बदलायला झालाय. एक गंमत सांगते, मला हल्ली खारट खावंसं वाटतं. मीठ चिमटीत घेऊन नुसतंच चाटते, लहान मुलीसारखी. आणि उन्हात पाऊल न टाकता हातांची पेरं काळी पडली आहेत. मुली म्हणतात शाईचे डाग. शाई तर वीस वर्षांत हाताला लागली नाही!

औषधवाला रस्त्यात भेटला. म्हणाला, "बाई, जानेवारीनंतर फिरकलाच नाहीत, दुकान बदललंत की काय?" मी म्हटलं, "तुझ्या डब्या पुरतात रे बाबा."

परिषदेत त्या फोटोपेक्षा जरा जास्त हस.

आत्या


२५ मार्च

ताईंना नमस्कार,

मी तुमच्या आत्याबाईंच्या कारखान्यात कटिंगला आहे. काल फोनवर घाईत बोललो, म्हणून तुम्ही पोचाल तेव्हा हाती द्यायला सगळं नीट लिहितो. चार दिवस बाईंना सर्दीताप होता, तरी कामाला येत होत्या. काल अकरा वाजता शिलाईच्या टेबलाजवळ उलटी झाली आणि पडल्या. अंग थंडगार. आम्हाला वाटलं पित्त. दवाखान्यात नेल्यावर नर्सने पर्स उघडली, त्यात एक कार्ड होतं. त्यावर छापलेलं की या व्यक्तीला अमुक आजार आहे, तापात गोळी दुप्पट करावी, बेशुद्ध आढळल्यास ताबडतोब इंजेक्शन द्यावं. ते दिल्यावर तासाभरात डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं.

गोळ्यांची डबी मी ठेवली आहे. आत दहा गोळ्या आहेत. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपूर्वी आणली, ते कुणालाच सांगता आलं नाही.

बारा वर्षं शेजारी बसून जेवलो आम्ही. एवढं तरी सांगायला हवं होतं बाईंनी.

आपला,
कटिंगवाला


३ एप्रिल

प्रिय आत्या,

मी तुझ्या खाटेशेजारी तीन दिवस बसले होते. तुला कमी ऐकू येतं हे निमित्त मला पुरलं. खरं तर नर्सने तुझ्या उशाशी पाटी आणि खडू ठेवला होता. मी त्यावर "पाणी हवं?" एवढंच लिहिलं, सात वेळा. जे लिहायचं होतं ते आता लिहिते.

तुझं दोन फेब्रुवारीचं पत्र मला सहा तारखेला मिळालं. मी हसले. दुसऱ्या दिवशी वही काढली, फक्त तुला आकडा कळवावा म्हणून. रिकाम्या नळीचं माप वहीत होतं. ते प्लास्टिकच्या नळीचं होतं. निरोगी पेशींचे सगळे प्रयोग प्लास्टिकच्या नळ्यांत झाले. मग नळ्या संपल्या, नव्या यायला तीन आठवडे होते आणि आजारी पेशी तयार होत्या. मी काचेच्या नळ्या घेतल्या. वहीत तसं लिहिलंही आहे, माझ्याच अक्षरात. रिकाम्या काचेच्या नळीचं माप मात्र घेतलं नाही. जुनंच वजा केलं. हे हार्मोन काचेला चिकटतं. ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं.

नऊ फेब्रुवारीला सगळे गेल्यावर मी एक काचेची नळी घेतली, तिच्यात पेशी न घालता हार्मोन घातलं, तासभर ठेवलं, धुतलं, मोजलं. आजारी पेशींनी जितकं "धरलं" होतं, त्यातलं त्र्याण्णव टक्के त्या रिकाम्या नळीत होतं. आजारी पेशींनी काहीही धरलेलं नाही, आत्या. काचेने धरलं होतं.

त्यानंतर सहा दिवसांनी मी तुला लिहिलं: "रिकाम्या नळीचं माप घेतलं होतं आणि ते वजा केलेलं आहे." त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. ते मी तीन वेळा लिहून, तपासून मग पाकिटात घातलं. खोटं बोलले असते तर मला आज कमी लाज वाटली असती.

वीस मार्चला परिषदेत मी तोच आलेख दाखवला. टाळ्या झाल्या. नंतर एक गृहस्थ आले, त्यांच्या बायकोला तुझाच आजार आहे. त्यांनी विचारलं, "आशा आहे ना?" मी म्हटलं, "अजून प्राथमिक आहे." हेही खोटं नव्हतं.

तुझं आठ मार्चचं पत्र बारा तारखेला आलं. ते मी उघडलं नाही. मला वाटलं, तू पुन्हा नळीबद्दल विचारलं असशील. टेबलाच्या खणात बारा दिवस पडलं होतं. कटिंगवाल्या काकांचा फोन आल्यावर तुझ्याकडे येताना गाडीत उघडलं. चक्कर, मीठ, काळी पेरं. कुठल्याही परीक्षेत ही तीन लक्षणं दिली असती तर मी दहा सेकंदांत उत्तर लिहिलं असतं. पोचल्यावर काकांनी डबी दाखवली, तेव्हा हिशेब केला. शंभर गोळ्या, आठ जानेवारीला डबी उघडली, दिवसाला दोन. सव्वीस फेब्रुवारीला डबी संपायला हवी होती. चोवीस मार्चला त्यात दहा होत्या. म्हणजे बावीस जानेवारीपासून तू दुपारची गोळी सोडलीस. माझं "तत्त्वतः हो" तुला एकवीसला मिळालं असणार. त्या ओळीखाली मी तीन शब्द लिहायला हवे होते: गोळी सोडू नकोस. सुचले नाहीत असं नाही. ते लिहिल्याने माझा शोध लहान दिसला असता.

मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनाही नाही. तुला पहिल्यांदा सांगते आहे.

एक मागणं आहे. मागायचा हक्क नाही हे माहीत आहे. यापुढे प्रत्येक पत्राच्या डोक्यावर डबीत किती गोळ्या आहेत तो आकडा लिही.

मोजपट्टी

(हे नाव आता मला शोभत नाही.)


२६ एप्रिल. डबीत त्र्याऐंशी. (ही डबी अठराला उघडली.)

चि. मोजपट्टीस,

तुझं पत्र वाचलं आणि तीन आठवडे गप्प बसले. आजारी होते म्हणून नाही. राग होता.

फेब्रुवारीतला तो प्रश्न मी विज्ञानासाठी विचारला नव्हता गं. मला काय करायचंय तुमच्या नळ्यांशी? दुपारची गोळी सोडून तेव्हा अकरा दिवस झाले होते. अंगात कसर जाणवायला लागली होती आणि भीती वाटत होती. पण "मी गोळी सोडलीय, चालेल का" असं विचारलं असतं तर तू ओरडली असतीस. म्हणून खळीची वाटी पुढे केली. तू "नाही" लिहिलं असतंस तर मी त्याच दुपारी गोळी घेतली असती. तू "हो" लिहिलंस, मी आणखी पाच आठवडे काढले.

हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. पण पुढचंही वाच.

दुपारची गोळी मी तुझ्या शोधामुळे सोडली, असं मीही स्वतःला सांगत होते. खरं हे की दोनला सगळे एकत्र बसलेले असतात. आठची मी घरी घेते, दोनची तिथे. रोज कुणीतरी विचारतं, "बाई, अजून पित्त?" रोज मी हसायचं. तीस वर्षं त्या कारखान्यात सगळ्यात घट्ट शिवण माझी. माझ्या अंगातच काहीतरी उसवलंय, हे त्यांना कळेल या लाजेने मला बारा वर्षं पोखरलं. तुझं पत्र आलं तेव्हा मला बरी व्हायची घाई नव्हती, दोन वाजताची सुटका हवी होती. तू मला दोरी दिलीस खरी, पण गळ्यात मी आपल्या हाताने घातली.

तुला माफ केलं असं लिहिणार नाही. लिहिलं की तू तो कागद भोक पाडून फायलीला लावशील आणि विषय संपला म्हणशील.

आता ते गृहस्थ, ज्यांच्या बायकोला माझा आजार आहे. ती बाई आज दोन वाजता काय करत असेल? हे मला झोपू देत नाही. तुला देतं का? तुझ्या मॅडमना सांग. उद्या नको, हे पत्र खाली ठेवलं की. आणि ते शुद्धिपत्र कुठे लावतात ते तुला मी शिकवायला नको.

आत्या


२ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र एकोणतीसला मिळालं. ते खाली ठेवून मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी माझी वही मागून घेतली आणि पाहिली. मग म्हणाल्या, "केव्हापासून माहीत आहे?" मी म्हटलं, "नऊ फेब्रुवारी." त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

निबंध मागे घेतो आहोत. त्यांनी केलेल्या मसुद्यात "तांत्रिक कारणांमुळे" असं होतं. मी ते खोडून लिहिलं: "आजारी पेशींचे प्रयोग काचेच्या नळ्यांत झाले. रिकाम्या काचेच्या नळीचं माप घेतलं नव्हतं. ही चूक प्रयोग करणारीची आहे. तिला ती नऊ फेब्रुवारीला कळली आणि तिने एकोणतीस एप्रिलपर्यंत सांगितली नाही." मॅडम म्हणाल्या, शेवटचं वाक्य कुणी मागितलेलं नाही. मी ते ठेवलं. संपादकांना विनंती केली आहे की हे निबंधाच्या आधी छापावं, नंतर नको. वर्तमानपत्रालाही कळवलं. ते छापतील की नाही माहीत नाही.

त्या गृहस्थांचा पत्ता परिषदेच्या यादीतून काढला आणि त्यांना पत्र टाकलं. त्यात पहिलं वाक्य आहे: पत्नीची एकही गोळी चुकू देऊ नका.

प्रयोगशाळेत माझ्याशी बोलणं कमी झालं आहे. जेवायला जाताना आता कुणी हाक मारत नाही. तरी सांगितलं ते बरोबर केलं, एवढं मला कळतं.

तुझ्या पत्रावरचा आकडा तपासला. अठरा ते पंचवीस आठ दिवस, सोळा गोळ्या, सव्वीसची सकाळची एक. शंभरातून सतरा गेल्या, त्र्याऐंशी. बरोबर आहे. म्हणजे तू पत्र दोनच्या आधी लिहायला बसलीस.

पण त्या दिवशी दोनची गोळी घेतलीस का, ते या आकड्यावरून मला कळत नाही. लिही.

तुझी भाची


७ मे. डबीत साठ.

घेतली. त्या दिवशीही आणि आजही, आत्ताच. सगळ्यांसमोर डबी टेबलावर ठेवते आणि पित्त म्हणत नाही. पहिल्या दिवशी सगळे डबीकडे बघत जेवले. आज कटिंगवाल्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि घड्याळ दाखवून म्हणाला, "बाई, दोनला दोन मिनिटं झाली."

आत्या